कोलंबो: शेजाऱ्यांच्या मालावर उभी राहिलेली जोडणी

२०२१ च्या उत्तरार्धात कोलंबो बंदरात दोन गोष्टी एकाच वेळी दिसत होत्या. धक्क्यावर आशिया-युरोप मार्गावरची मोठाली जहाजं लागत आणि सुटत होती. शेजारच्याच यार्डात साखर, डाळ, तांदूळ भरलेले हजाराहून अधिक कंटेनर पडून होते. आयातदारांकडे रुपये होते, पण बँका डॉलर देऊ शकत नव्हत्या, आणि पैसे चुकते झाल्याशिवाय माल सुटत नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. पंपांवर डिझेलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या. त्या वर्षी बंदराने किती कंटेनर हाताळले? सुमारे ६८.६ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापात. आदल्या वर्षीचा आकडा ७२.५ लाखांच्या घरात होता. देशाची अर्थव्यवस्था कोसळली आणि बंदराचा धंदा जेमतेम पाच टक्क्यांनी घटला.

हा फरक कुठून येतो, हे समजलं की श्रीलंकेची कंटेनर जोडणी, म्हणजे नियमित जहाजसेवांनी जगाशी असलेला तिचा संबंध, समजते. बंदराला खाऊ घालणारा बहुतेक माल श्रीलंकेचा नाहीच. कोलंबोत उतरणाऱ्या-चढणाऱ्या दर पाच कंटेनरांपैकी चार ट्रान्सशिपमेंटचे असतात, म्हणजे एका जहाजातून उतरून दुसऱ्या जहाजात चढणारे. ते देशाच्या सीमाशुल्क हद्दीत शिरतही नाहीत. त्यातला मोठा वाटा भारताचा, मग बांगलादेश, पाकिस्तान आणि मालदीवचा.

## निर्देशांक काय मोजतो, काय सोडतो

जोडणी मोजायला सर्वात जास्त वापरला जातो तो अंक्टाडचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेचा, लायनर शिपिंग कनेक्टिव्हिटी इंडेक्स. तो २००४ पासून निघतो आणि २०१९ मध्ये त्याची मांडणी सुधारली. आता त्यात सहा घटक आहेत: आठवड्याला किती जहाजं लागतात, वर्षभरात त्यांची मिळून क्षमता किती, नियमित सेवा किती, त्या चालवणाऱ्या कंपन्या किती, सर्वात मोठी जहाजं असलेल्या सेवेतल्या जहाजांचा सरासरी आकार किती, आणि मधे माल न बदलता थेट पोहोचता येतील असे देश किती. प्रत्येक घटकाला त्यातल्या कमाल मूल्याने भागायचं, सहांची सरासरी काढायची आणि पायाभूत तिमाहीशी ताडून आकडा द्यायचा. यादीच्या वरच्या टोकाला चीन, दक्षिण कोरिया, सिंगापूर असतात आणि तळाला प्रशांत महासागरातली छोटी बेटं.

श्रीलंकेचा आकडा बरीच वर्षं भारताच्या आसपास राहिला आहे, काही वर्षी त्याच्या वरही गेला. सुमारे २.२ कोटी लोकसंख्येच्या देशासाठी ही मोठीच गोष्ट. पण सहाच्या सहा घटक जहाजांबद्दलचे आहेत. माल कुणाचा, तो कस्टम्समधून सुटायला किती दिवस लागतात, भाडं किती, जहाज ठरल्या दिवशी आलं का, यातलं काहीही त्यात नाही. यार्डात अडकलेली साखर या आकड्याला दिसत नाही आणि दिसावी म्हणून तो बनवलेलाही नाही. चूक होते ती तो देशाच्या व्यापाराचं आरोग्य म्हणून वाचणाऱ्याची.

बंदराच्या स्वतःच्या आकड्यातही एक मेख आहे. ट्रान्सशिपमेंटचा कंटेनर एकदा उतरतो, एकदा चढतो, म्हणून तो दोनदा मोजला जातो. चाळीस फुटी कंटेनर म्हणजे दोन टीईयू. तो ट्रान्सशिप झाला की आकडेवारीत चार टीईयू जमा होतात. २०२४ मध्ये कोलंबोने सुमारे ७८ लाख टीईयू हाताळले. त्यातला ८० टक्के भाग ट्रान्सशिपमेंटचा धरला तर ६२ लाख, आणि प्रत्यक्षात आलेला माल त्याच्या निम्मा, म्हणजे ३१ लाख टीईयू. उरलेले पंधरा-सोळा लाख स्थानिक आयात-निर्यातीचे, त्यातही परत जाणारे रिकामे कंटेनर आले. आठवड्याचा हिशेब केला तर येणारे-जाणारे मिळून ३० हजार टीईयू. एवढ्या मालावर काही मध्यम आकाराच्या थेट सेवा आणि सिंगापूर, दुबईकडच्या फीडर सेवा (मोठ्या बंदरापर्यंत माल नेणारी छोटी जहाजं) आरामात चालतील. चोवीस हजार टीईयूची जहाजं त्यासाठी थांबणार नाहीत.

## जागा आणि खोली

भारताच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या मधे श्रीलंका आडवी आहे. पाल्कची सामुद्रधुनी आणि रामसेतूचा पट्टा जेमतेम काही मीटर खोल, त्यामुळे तुतिकोरीनहून चेन्नईला जाणाऱ्या मोठ्या जहाजालाही श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. सुएझ ते मलाक्का हा मुख्य मार्ग बेटाच्या दक्षिण टोकाला, दोंद्रा हेडला, जवळजवळ घासून जातो. तुतिकोरीन ते कोलंबो अंतर सुमारे १५० सागरी मैल, म्हणजे फीडरला एका रात्रीचा प्रवास.

पण नकाशावरची जागा शतकानुशतकं तीच आहे. बंदर घडलं ते बांधकामाने. १८७५ मध्ये ब्रिटिशांनी कोलंबोच्या लाटारोधक बंधाऱ्याची पायाभरणी केली. त्याआधी मोठी जहाजं गॉलला थांबत. कोलंबोला सुरक्षित पाणी मिळालं आणि गॉल मागे पडलं. कंटेनरच्या काळात श्रीलंका बंदर प्राधिकरणाने १९८० च्या दशकात जया कंटेनर टर्मिनल उभं केलं. १९९९ मध्ये क्वीन एलिझाबेथ धक्क्यावर खासगी भागीदारीतलं साउथ एशिया गेटवे टर्मिनल आलं. भारतातली बंदरं तेव्हा क्रेनच्या आणि धक्क्याच्या रांगेत अडकली होती, आणि हा अवधी कोलंबोने नेमका पकडला.

पुढची अडचण खोलीची होती. या जुन्या टर्मिनलांची खोली १५ मीटरपर्यंत. पूर्ण भरलेलं चोवीस हजार टीईयूचं जहाज साडेसोळा मीटरपर्यंत पाण्यात बसतं. तळाखाली दहा टक्के मोकळं पाणी सोडायचं म्हटलं तर १८ मीटर हवेत. त्यासाठी आशियाई विकास बँकेच्या कर्जातून दक्षिण बंदराचा सुमारे ६.८ किलोमीटरचा नवा बंधारा बांधला गेला. तो २०१२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या आत २०१३ मध्ये सीआयसीटी (कोलंबो इंटरनॅशनल कंटेनर टर्मिनल्स) सुरू झालं: १,२०० मीटर धक्का, १८ मीटर खोली, ८५ टक्के भागीदारी चायना मर्चंट्स या चिनी कंपनीची आणि १५ टक्के प्राधिकरणाची. २०१८ मध्ये बंदराने पहिल्यांदा ७० लाख टीईयूचा टप्पा ओलांडला. यात कोलंबोला निसर्गाने दिलेली एक गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. इथे भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नाही. कोलकात्याच्या हुगळीत किंवा चितगावच्या कर्णफुलीत जहाज भरतीची वाट पाहतं, कोलंबोत कोणत्याही वेळी आत येतं. वेळापत्रक बांधणाऱ्याला याची किंमत कळते.

## एका कंटेनरचा प्रवास

तयार कपड्यांचा एक चाळीस फुटी कंटेनर चितगावहून रॉटरडॅमला निघाला आहे असं धरू. चितगावच्या धक्क्यावर २०२३ पासून २०० मीटर लांबी आणि १० मीटर ड्राफ्टपर्यंतची (पाण्याखाली बुडणारा भाग) जहाजं लागू शकतात, त्याआधी मर्यादा १९० मीटर आणि साडेनऊ मीटरची होती. म्हणजे मदर व्हेसल, लांब पल्ल्याचं मोठं जहाज, तिथे येणं अशक्यच. कंटेनर फीडरवर चढतो आणि चार-पाच दिवसांत कोलंबोच्या नांगरवाड्यात पोहोचतो.

फीडर पोहोचण्याआधी तिचा बे-प्लॅन (कोणता कंटेनर जहाजावर कुठे आहे त्याचा आराखडा) आणि ट्रान्सशिपमेंट यादी टर्मिनलला गेलेली असावी लागते. यादीत प्रत्येक कंटेनरसमोर पुढचं जहाज, पुढचं बंदर, प्रमाणित वजन, धोकादायक माल असेल तर त्याचा वर्ग, रीफर, म्हणजे शीतकंटेनर, असेल तर तापमान. यावरून यार्ड प्लॅनर जागा ठरवतो: एकाच मदर व्हेसलचे, एकाच बंदराचे, एकाच वजनगटाचे कंटेनर एका थप्पीत. इथली सर्वात साधी आणि सर्वात महाग चूक म्हणजे पुढच्या जहाजाचा रकाना रिकामा राहणं. लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, कचेरीतून नाव उशिरा येतं, कंटेनर मिळेल त्या थप्पीत जातो, आणि नाव येतं तेव्हा तो पाच उंच थप्पीच्या तळाशी असतो. वरचे चार हलवल्याशिवाय तो निघत नाही. त्या चार हालचालींचं बिल कुणाच्याच नावावर पडत नाही, पण क्रेनचा वेळ जातोच.

दुसरी अडचण टर्मिनल बदलण्याची. कोलंबोत आज पाच मुख्य टर्मिनलं आहेत आणि त्यांचा चालक एकच नाही. फीडर जयाला लागली आणि मदर व्हेसल सीआयसीटीला, तर कंटेनर ट्रेलरवर चढवून बंदराच्या आतल्या रस्त्याने न्यावा लागतो. एका टर्मिनलच्या गेटमधून बाहेर, दुसऱ्याच्या गेटमधून आत, दोन वेगळ्या संगणक प्रणालींत दोन नोंदी, दोन उचल जास्तीच्या. कागदावर हे काही तासांचं काम. दोन मोठी जहाजं एकाच दिवशी आली की ट्रेलर कमी पडतात आणि त्याचा दिवस होतो. सिंगापूरला बहुतेक धक्के एकाच चालकाकडे आहेत, तिथे हा प्रश्न बऱ्याच प्रमाणात घरातल्या घरात सुटतो. कोलंबोने स्पर्धा निवडली. तिचा फायदा दरात दिसतो, तोटा या ट्रेलरच्या रांगेत.

मग येतो कट-ऑफ, जहाजावर चढायचा माल टर्मिनलमध्ये पोहोचण्याची शेवटची वेळ. मदर व्हेसलसाठी टर्मिनलने वेळेची खिडकी राखून ठेवलेली असते, फीडरला बहुधा रिकामा धक्का मिळेल तेव्हा. म्हणून उशीर झाला की पहिला फटका फीडरला. समजा मोठ्या जहाजावर २,५०० उचली आहेत, पाच क्रेन लावल्या आणि प्रत्येक क्रेन तासाला २८ उचली करते. तासाला १४०, म्हणजे अठरा तासांचं काम. फीडर नांगरवाड्यात तेवढाच वेळ थांबली तर आपला कंटेनर कट-ऑफनंतर उतरतो आणि ‘रोल’ होतो, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलला जातो. सेवा आठवडी असते, म्हणून अठरा तासांच्या उशिराची शिक्षा सात दिवस. ढाक्याच्या कारखान्याने माल वेळेत दिलेला असतो, रॉटरडॅमचा खरेदीदार सवलत मागतो, आणि मधे कोलंबोत नेमकं काय झालं हे दोघांनाही दिसत नाही.

अशा सांध्यांवरच कोलंबोने एक जोडधंदाही उभारला आहे. एकाच ब्रँडचे कपडे चितगावहून, चेन्नईहून आणि कातुनायकेच्या मुक्त व्यापार क्षेत्रातून येतात, कोलंबोच्या गोदामात उघडून एकाच चाळीस फुटी कंटेनरमध्ये पुन्हा भरले जातात आणि युरोपच्या वितरण केंद्रात थेट जातात. या कामात देशाला उचलीपेक्षा जास्त मूल्य मिळतं, कारण त्यात माणसं, जागा आणि माहिती लागते. मोठ्या जहाजांच्या बातम्यांत ते बाजूला पडतं.

## यार्ड भरलं की काय होतं

बंदराची क्षमता धक्क्याच्या लांबीवरून सांगितली जाते, अडते मात्र यार्डात. उदाहरणादाखल २० हजार टीईयू मावणारं यार्ड घ्या. कंटेनर सरासरी चार दिवस थांबत असेल तर वर्षाला सव्वाअठरा लाख टीईयू फिरतात. सरासरी सहा दिवसांवर गेली की सुमारे बारा लाख. एकही क्रेन बिघडलेली नसताना एक तृतीयांश क्षमता गेली. यार्ड ऐंशी टक्क्यांच्या पुढे भरलं की थप्प्या खोदण्याचं काम वेगाने वाढतं, क्रेनची गती उतरते, जहाज जास्त वेळ थांबतं, पुढचं जहाज बाहेर राहतं, आणि त्याच्यासाठी ठेवलेले कंटेनर यार्डातच राहतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की जहाज सोडून देणं, म्हणजे लाइनने त्या आठवड्याची फेरी गाळणं, हाच बहुधा बाहेर पडण्याचा मार्ग उरतो.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि लाइन्सनी केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला. वेळापत्रकं मोडली, जहाजं एकेकटी येण्याऐवजी घोळक्याने यायला लागली, आखातात आणि तांबड्या समुद्राकडे जाणारा माल कुठेतरी उतरवायचा म्हणून कोलंबोत उतरू लागला. २०२४ मध्ये बंदराची उलाढाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली, आणि फीडरवाल्यांसाठी ते वर्ष ताटकळण्याचं होतं. वाढती उलाढाल आणि बिघडती सेवा एकत्र असू शकतात, हे निर्देशांक वाचताना डोक्यात ठेवावं.

दुसरा धोका वेगळ्या जातीचा. मे २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्ल हे फीडर जहाज १,४८६ कंटेनर घेऊन कोलंबोबाहेर आलं. त्यातल्या नायट्रिक ॲसिडच्या एका कंटेनरला गळती होती. तो उतरवून घ्यायला कतारमधल्या हमाद आणि गुजरातमधल्या हजिरा बंदरांत नकार मिळाला होता. २० मे रोजी आगीची खबर आली, जूनमध्ये जहाज बुडालं आणि सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे पश्चिम किनाऱ्यावर पसरले. नेगोम्बो भागातल्या मच्छीमारांचं काम बंद पडलं. जुलै २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. ज्या बेटावर शेजाऱ्यांचा माल उतरतो त्याच्याच किनाऱ्यावर शेजाऱ्यांच्या मालाचा अपघातही उतरतो. गळका कंटेनर कुणी, कुठे, कोणत्या धक्क्यावर उतरवून घ्यायचा याची ठरलेली व्यवस्था हासुद्धा जोडणीचाच भाग आहे, आणि त्यासाठी कोणत्याही निर्देशांकात रकाना नाही.

## स्थानिक व्यापाऱ्याच्या पदरात काय

चहा निर्यातदाराला किंवा कपड्यांच्या कारखान्याला या सगळ्याचा फायदा आहे, आणि तो खरा आहे. युरोप, आखात, पूर्व आशिया यांकडे आठवड्याला अनेक फेऱ्या मिळतात. त्याच्या स्वतःच्या मालाच्या जोरावर त्या कधीच मिळाल्या नसत्या. देशाची आयात निर्यातीपेक्षा जास्त असल्याने रिकामे कंटेनर सहसा हाताशी असतात, भरायला कंटेनर मिळत नाही ही तक्रार इतर बेटांइतकी नसते. मंगळवारचं जहाज हुकलं तर गुरुवारचं दुसऱ्या लाइनचं शोधता येतं. प्रशांत महासागरातल्या एखाद्या बेटावर पुढचं जहाज दोन-तीन आठवड्यांनी असतं.

पण हा निर्यातदार त्या जहाजावर लहान गिऱ्हाईक असतो. जागा आधी ठरते ती सिंगापूर, शांघाय, मुंद्रा यांच्या करारांनी, गर्दीच्या हंगामात त्याचाच कंटेनर आधी रोल होतो. जहाजभाड्याखेरीज लागणाऱ्या टर्मिनल हाताळणी शुल्कावरून इथे बराच वाद झाला. २०१४ च्या सुरुवातीपासून लाइन्सनी वेगळं शुल्क न लावता एकच सर्वसमावेशक भाडं सांगावं असा नियम आला. बिलावरच्या ओळी कमी झाल्या. भाड्यात काय मिसळलं ते ओळखणं मात्र निर्यातदाराच्या हुशारीवर राहिलं.

आयातीकडे खरी गाठ बंदराच्या गेटबाहेर आहे. ट्रान्सशिपमेंटचा कंटेनर त्या गेटबाहेर पडतच नाही, स्थानिक कंटेनर तपासणीसाठी ओरुगोडावत्ता भागातल्या यार्डांत जातो आणि तिथे रांगेत उभा राहतो. तपासणीला निवडलेल्या मालाचं प्रमाण जास्त, जागा आणि माणसं कमी. त्यात सुट्ट्या लागून आल्या की डेमरेज (कंटेनर बंदरात पडून राहिल्याचा दंड) आणि डिटेन्शन (रिकामा कंटेनर उशिरा परत केल्याचा दंड) दोन्ही चढतं. एकाच बंदरात दोन वेग नांदतात: पाण्याकडचा जागतिक, जमिनीकडचा सरकारी.

## हंबनटोटाचा धडा

जागा हेच सर्वस्व असतं तर हंबनटोटा आज कोलंबोच्या पुढे असतं. २०१० मध्ये उघडलेलं हे बंदर मुख्य सागरी मार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे, कोलंबोसाठी जहाजाला मार्गाबाहेर वाकडं यावं लागतं. तरी लायनर सेवा तिथे गेल्या नाहीत. मदर व्हेसल एकटं थांबत नाही, त्याच्याभोवती फीडरांचं जाळं लागतं, आणि फीडर तिथे जातात जिथे निवडायला अनेक मदर व्हेसल असतात. हे वर्तुळ बाहेरून पैसे ओतून सुरू करणं फार अवघड. २०१७ मध्ये ते बंदर १.१२ अब्ज डॉलरच्या व्यवहारात चायना मर्चंट्सला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेलं आणि मुख्यतः वाहनवाहू जहाजांवर चाललं. कंटेनर ट्रान्सशिपमेंट तिथे २०२४ मध्ये रुजू लागलं ते कोलंबोतल्या गर्दीमुळे. राजकीय भाषणांत या बंदराबद्दल खूप बोललं जातं. धंद्याच्या दृष्टीने त्याची गोष्ट एवढीच.

## भारताचा धक्का

आता मूळ प्रश्न. उसन्या मालावर उभी असलेली जोडणी मालकाने माल काढून घेतला तर किती टिकते?

भारताने हा माल आधीच परत का घेतला नाही, याचं उत्तर निम्मं कायद्यात आहे. मर्चंट शिपिंग ॲक्ट, १९५८ नुसार भारताच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायला परदेशी ध्वजाच्या जहाजाला परवाना लागे. त्यामुळे चेन्नईचा कंटेनर कोचीत आणून मदर व्हेसलवर चढवणं महाग आणि कटकटीचं, तोच कोलंबोला नेणं सोपं, कारण कोलंबो परदेश. कोचीचं वल्लारपाडम टर्मिनल २०११ मध्ये नेमकं याच कामासाठी उघडलं आणि साडेचौदा मीटरच्या खाडीत सतत गाळ काढत, अपेक्षेपेक्षा कमी ट्रान्सशिपमेंटवर अडकलं. मे २०१८ मध्ये भारताने ट्रान्सशिपमेंटच्या आणि रिकाम्या कंटेनरांसाठी ही अट शिथिल केली. तरीही भारत सरकारच्याच म्हणण्यानुसार ट्रान्सशिपमेंटचा सुमारे तीन चतुर्थांश माल परदेशी बंदरांत जात राहिला, आणि त्यातला ८५ टक्क्यांहून अधिक कोलंबो, सिंगापूर आणि मलेशियातलं पोर्ट क्लांग या तिघांकडे.

केरळमधल्या विळिंजम बंदराने यातला उरलेला अर्धा अडथळा, खोलीचा, दूर केला. नैसर्गिक खोली १८ मीटरच्या पुढे, मुख्य मार्ग दहा सागरी मैलांवर, ८०० मीटरचा धक्का. जुलै २०२४ मध्ये पहिलं मोठं जहाज, डिसेंबर २०२४ पासून व्यापारी कामकाज, आणि पहिल्या वर्षातच १० लाख टीईयूचा टप्पा पार. जून २०२५ मध्ये २४ हजार टीईयूवरचं एमएससी इरिना तिथे लागलं. विळिंजम चालवते अदानी. कोलंबोचं पश्चिम टर्मिनल, १,४०० मीटर धक्का आणि २० मीटर खोली असलेलं, एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं. त्यातही ५१ टक्के अदानीच, ३४ टक्के श्रीलंकेची जॉन कील्स आणि १५ टक्के प्राधिकरण. फेब्रुवारी २०२१ मध्ये कामगार संघटनांच्या विरोधापुढे सरकारने पूर्व टर्मिनलबाबत भारत-जपानशी केलेला करार मोडला, आणि त्याच्या बदल्यात पश्चिम टर्मिनल पुढे आलं. म्हणजे कोलंबोचा प्रतिस्पर्धी आणि कोलंबोचा भागीदार एकच आहे. यात विरोधाभास वाटतो, पण चालकाच्या बाजूने पाहिलं तर ते दोन्ही दारांत उभं राहणं आहे. भारतीय माल कुठेही ट्रान्सशिप झाला तरी बिल आपल्याच नावावर.

श्रीलंकेसाठी लगेच रिकामं होण्याचा धोका दिसत नाही. विळिंजम आज बव्हंशी एका लाइनवर चालतं, कोलंबोत अनेक लाइन्स आहेत, आणि बंगालच्या उपसागराचा फीडर माल दिशेनेच कोलंबोकडे झुकतो. न्हावा शेवा आणि मुंद्राला थेट जहाजं लागू लागली तेव्हाही, म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा माल गेला तेव्हाही, कोलंबो वाढतच राहिलं होतं. ठिसूळ आहे ती दक्षिण भारताची बाजू: तुतिकोरीन, कोची, काही अंशी चेन्नई. हा माल अगदी जवळचा, म्हणून कोलंबोसाठी सर्वात स्वस्त होता, आणि जवळचा म्हणूनच विळिंजमलाही तितकाच सोयीचा आहे.

हा बदल निर्देशांकात उशिरा उमटेल. मदर व्हेसल, सेवा आणि कंपन्या बराच काळ तेवढ्याच राहतील, सहापैकी बहुतेक घटक फारसे हलणार नाहीत. आधी हलेल ती तुतिकोरीन-कोलंबो फीडरची वारंवारता. आठवड्याच्या पाच फेऱ्यांच्या चार होतील, मग फीडरचा आकार कमी होईल, मग एखादी लाइन स्वतःची फीडर बंद करून दुसऱ्याच्या जहाजावर जागा विकत घेईल. हे आकडे त्रैमासिक अहवालात येत नाहीत, ते बर्थिंगच्या, म्हणजे धक्क्याला लागणाऱ्या जहाजांच्या, रोजच्या यादीत असतात. कोलंबोतल्या जहाज एजंटांच्या टेबलावर ती यादी रोज सकाळी पडलेली असते.